ग्लुकोमीटर ‘एरर’ दाखवतो तेव्हा

मधुमेही रुग्णाच्या घरात औषधांच्या डब्याशेजारी आता आणखी एक वस्तू पुष्कळदा आढळते. ती म्हणजे रक्तातील साखर मोजण्याचे तळहाताएवढे यंत्र, अर्थात ग्लुकोमीटर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर गेली असून प्रौढांमध्ये हे प्रमाण 11.4 टक्के आहे. त्यामुळे या यंत्राचे अप्रूप आता कोणाला राहिलेले नाही. धास्ती वाटते ती त्याच्या पडद्यावर अंकाऐवजी अकस्मात उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांची. सकाळी सहा-साडेसहाला दूरध्वनी वाजला, की पलीकडून काय ऐकू येणार, याचा मला आता अंदाज असतो. “डॉक्टरसाहेब, मशीन बिघडलं. आकडा देतच नाही, नुसतं ‘ई-चार’ दाखवतंय. चार पट्ट्या वाया गेल्या. काय करू?”

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पस्तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना असे प्रश्न मी शेकडो वेळा ऐकले. त्यांतून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. यंत्राने ‘एरर’ दाखवला म्हणजे यंत्र बिघडले, असा आपला समज असतो. वस्तुतः बहुतेक वेळा यंत्र त्या क्षणी आपले काम चोख बजावत असते. ‘या परिस्थितीत मी खात्रीचा आकडा देऊ शकत नाही’ एवढेच ते सांगते. खोटा आकडा देण्यापेक्षा आकडा न देणे केव्हाही श्रेयस्कर. या स्मरणिकेचे वाचक निम्मे डॉक्टर आणि निम्मे त्यांचे कुटुंबीय व स्नेही असतात. म्हणून दोघांनाही उपयोगी पडावे अशा रीतीने या यंत्राची भाषा उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

परीक्षानळीपासून तळहातापर्यंत

आमच्या विद्यार्थिदशेत साखर पाहणे म्हणजे लघवी पाहणे. बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि ते उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाले तर साखर चढत्या क्रमाने अधिक. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली सिद्ध केलेल्या या द्रावणाने कित्येक पिढ्यांची सेवा केली. परंतु रक्तात या क्षणी साखर किती, हे त्याला सांगता येत नव्हते. साखर धोकादायकरीत्या कमी झाली, तर ते सर्वस्वी मुकेच राहत असे.

रक्तासाठी पट्टी आली ती 1965 साली, ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ या नावाने. तिच्यावरील रंग डोळ्यांनी तक्त्याशी ताडून पाहावा लागे. तो रंग मोजणारे पहिले यंत्र 1970 च्या सुमारास निघाले. त्याचे वजन सव्वा किलोच्या घरात होते आणि ते केवळ डॉक्टरांना विकले जाई. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही अभियंत्याला ते हवे होते. त्याची पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावावर त्याने ते मिळवले, स्वतःची साखर दिवसातून अनेक वेळा मोजली आणि आपला आजार काबूत आणला. पुढे तो स्वतःही डॉक्टर झाला. रुग्णाच्या हाती हे यंत्र देता येते, किंबहुना द्यावेच, ही कल्पना रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. 1987 साली लेखणीच्या आकाराचे विद्युत्-रासायनिक यंत्र बाजारात आले आणि आजच्या ग्लुकोमीटरांचे युग सुरू झाले.

पाच सेकंदांत काय घडते?

एरर समजून घ्यायचा तर यंत्राचे काम थोडक्यात ठाऊक असले पाहिजे. पट्टीच्या टोकाला केसासारखी बारीक वाट असते. रक्ताचा थेंब तिच्या तोंडाशी टेकवला, की ते आपोआप आत ओढले जाते. आत ग्लुकोजशीच विक्रिया करणारे एक विकर वाळवून ठेवलेले असते. या विक्रियेतून सुटलेले इलेक्ट्रॉन एका मध्यस्थ रसायनाच्या साहाय्याने पट्टीवरील विद्युत्-अग्रांपर्यंत पोचतात आणि अत्यंत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. साखर जेवढी जास्त, तेवढा प्रवाह अधिक. यंत्र तो प्रवाह मोजते आणि हिशेब करून आकडा दाखवते. पुष्कळ यंत्रांना यासाठी पाच सेकंद आणि एक मायक्रोलिटरहून कमी रक्त पुरते.

यावरून सहज ध्यानात येईल, की आकडा बरोबर येण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. पट्टी निर्दोष हवी, रक्त पुरेसे व शुद्ध हवे, तापमान योग्य हवे आणि यंत्राची वीज शाबूत हवी. विकरांची विक्रिया थंडीत मंदावते आणि उष्णतेत वेगावते, म्हणून तापमानाचे एवढे महत्त्व. यांपैकी काही बिघडल्याचे यंत्राला कळले, की ते एरर दाखवते. सारेच बिघाड मात्र त्याला कळत नाहीत. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

‘हाय’ आणि ‘लो’ हे एरर नव्हेत

सर्वांत आधी दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे, कारण त्यांच्याशी रुग्णाच्या जिवाची गाठ आहे. पडद्यावर कधी एच आणि आय ही अक्षरे उमटतात, तर कधी एल आणि ओ. अनेक यंत्रांत ‘हाय’ म्हणजे साखर 600 मिलिग्रॅमच्या वर (काहींत 500 च्या वर) आणि ‘लो’ म्हणजे 20 च्या खाली (काहींत 10 च्या खाली). यंत्राच्या मोजपट्टीबाहेर साखर गेली आहे, असा याचा अर्थ. येथे यंत्र स्वतःविषयी काहीही बोलत नसते. ते रुग्णाविषयी बोलत असते.

हे न कळल्यामुळे काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी एकादशीचा निर्जळी उपवास केला आणि साखरेची गोळी मात्र नेमाप्रमाणे घेतली. दिवेलागणीला त्यांना दरदरून घाम फुटला आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. मुलाने तपासले, तर पडद्यावर ‘लो’. त्याचा अर्थ त्याने ‘सेल लो’, म्हणजे सेल उतरला, असा लावला आणि सेल आणायला तो घाईघाईने बाड्याकडे निघाला. सून मात्र थांबली नाही. सासूबाई शुद्धीवर आहेत आणि गिळू शकतात हे पाहून तिने चमच्याने ग्लुकोजचे पाणी पाजायला सुरुवात केली. मुलगा नवा सेल घेऊन परतला, तोवर आजी ओळखीचे बोलू लागल्या होत्या आणि यंत्राने 58 आकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सूनबाई मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, सेल मशीनचा नव्हता उतरला, आईंचा उतरला होता.”

दुसरे उदाहरण एका निवृत्त गृहस्थांचे. त्यांच्या यंत्राने सलग तीन दिवस ‘हाय’ दाखवले. घरच्यांना वाटले, यंत्र सुरू होताना अभिवादन करते आणि मग अडकून बसते. तहान वाढली होती, लघवीला वारंवार जावे लागत होते. परंतु मे महिन्याची उन्हाळी तहान म्हणून कोणी मनावर घेतले नाही. चौथ्या दिवशी ग्लानीत असतानाच त्यांना आणले गेले. प्रयोगशाळेत साखर 780 निघाली. रुग्णालयात आठवडाभर राहून ते बरे झाले, हे त्यांचे सुदैव.

म्हणून नियम साधा ठेवावा. ‘लो’ दिसले किंवा आकडा 70 च्या खाली आला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तत्काळ 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना घरची साखर लवकर लागू पडत नाही. त्यांना ग्लुकोजची पूडच द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; त्याला कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, हेही विसरू नये. ‘हाय’ दिसले तर हात धुऊन दुसऱ्या बोटाचे रक्त तपासावे. पुन्हा ‘हाय’ आले, तर त्याच वेळी डॉक्टरांना कळवावे. उलट्या, धाप वा ग्लानी असेल तर थेट रुग्णालयात न्यावे. मनाने इन्सुलिनचा जादा डोस घेऊ नये.

आकडी एरर आणि त्यांचे अर्थ

आता खऱ्या एररकडे वळू. पहिली अडचण अशी, की ‘ई-1’, ‘ई-2’ या क्रमांकांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही वेगळा असू शकतो. शेजाऱ्याच्या यंत्रातील ‘ई-4’ म्हणजे रक्त कमी पडले, म्हणून आपल्याही यंत्रात तेच, असे मानता येत नाही. यंत्रासोबत मिळालेली पुस्तिका म्हणूनच जपून ठेवावी. तिच्यातील अक्षरे बारीक असतात आणि मधुमेहींची नजर आधीच अधू. घरातील तरुणांनी आपल्या यंत्राचे एरर मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर उतरवून तो यंत्राच्या पिशवीत ठेवला, तर ती मोठी सेवा होईल.

क्रमांक कोणताही असो, कारणे मात्र साधारणपणे पाच प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार पट्टीचा. पट्टी तिरपी बसली, वाकली, उलटी घातली किंवा एकदा वापरलेली पुन्हा घातली, तर यंत्र तिला नाकारते. इलाज सोपा: नवी पट्टी सरळ आणि शेवटपर्यंत सरकवावी.

दुसरा प्रकार रक्ताचा, आणि माझ्या अनुभवात हाच सर्वाधिक आढळतो. थेंब अपुरा पडला किंवा थेंबाची खूण दिसण्याआधीच रक्त लावले, तर एरर येतो. काही पट्ट्यांत ठरावीक सेकंदांत दुसरा थेंब लावण्याची सवलत असते, काहींत नसते. पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर दुसरा थेंब लावू नये. थेंब मोठा यावा म्हणून बोट पिळून काढण्याची सवय वाईट. त्याने ऊतींतील पाणी रक्तात मिसळते. हात कोमट पाण्याने धुवावा, क्षणभर खाली लोंबता ठेवावा, तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलके चोळावे आणि टोकाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचावे. तेथे दुखते कमी आणि रक्त येते अधिक.

तिसरा प्रकार तापमानाचा. आपल्या ग्वाल्हेरकरांनी हा तर पाठच करावा. बहुतेक यंत्रे सुमारे 10 ते 40 अंश सेल्सिअस या मर्यादेत काम करतात. काहींची मर्यादा दोन्ही बाजूंना चार-पाच अंशांनी अधिक असते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो आणि मे-जूनच्या दुपारी 45 च्या वर चढतो. म्हणजे वर्षातून दोनदा आपले शहर यंत्राच्या मर्यादेबाहेर जाते! उपाशीपोटीची साखर पहाटे तपासायची आणि यंत्र रात्रभर व्हरांड्याच्या खिडकीत पडलेले. मग ते थर्मामीटरचे चित्र दाखवील, नाहीतर एरर दाखवील. हिवाळ्यात यंत्र आणि पट्ट्या झोपण्याच्या खोलीत, बंद कपाटात ठेवाव्या. यंत्र गार पडलेच असेल तर उबदार खोलीत वीस-पंचवीस मिनिटे तसेच राहू द्यावे. हीटरसमोर, शेगडीजवळ वा उन्हात धरू नये. उन्हाळ्यात फ्रिजमध्येही ठेवू नये. बाहेर काढताच त्यावर दव साचते आणि पट्ट्या दमट होतात. पट्ट्या सामान्यतः 30 अंशांच्या आत साठवायच्या असतात. मे महिन्यात घरपोच मागवलेल्या पट्ट्या वाटेत कुठे आणि किती तापल्या, हे आपल्याला कळत नाही. म्हणून उन्हाळ्यापुरता साठा आधीच थंड दुकानातून घेतलेला बरा.

चौथा प्रकार कोडचा. जुन्या धर्तीच्या यंत्रांत पट्ट्यांच्या प्रत्येक डबीबरोबर एक चकती मिळते किंवा डबीवर अंक छापलेला असतो. तो यंत्रातील अंकाशी जुळावा लागतो. नव्या यंत्रांना पुष्कळदा याची गरज उरलेली नाही. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे मात्र माहीत असावे.

पाचवा प्रकार सेलचा आणि यंत्रातील बिघाडाचा. सेल उतरत आला, की सेलचे चित्र लुकलुकते किंवा वेगळा एरर येतो. पुष्कळ यंत्रांत सीआर 2032 हा बटणासारखा चपटा सेल असतो. काढलेला जुना सेल मुलांच्या हाती पडू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. नवा सेल, नवी पट्टी आणि योग्य तापमान, इतके सारे करूनही तोच एरर येत राहिला, तरच यंत्र बिघडले असे म्हणावे आणि कंपनीच्या मदतकेंद्राशी संपर्क साधावा.

येथे एक बारकावा व्यवसायबंधूंच्याही नजरेतून निसटण्याजोगा आहे. काही यंत्रांत एकाच क्रमांकाखाली पट्टीचा दोष आणि अतिशय वाढलेली साखर अशी दोन्ही कारणे दिलेली असतात. ‘अक्यु-चेक परफॉर्मा’चा ‘ई-3’ आणि ‘वन टच अल्ट्रा’चा ‘एरर 4’ ही त्याची उदाहरणे होत. त्यामुळे रुग्णाची प्रकृती ठीक नसताना असा एरर आला, तर ‘पट्टी खराब असेल’ म्हणून सोडून देऊ नये. दुसऱ्या पट्टीने तपासावे, आणि तोच एरर पुन्हा आला तर प्रयोगशाळेतून रक्त तपासून घ्यावे.

एरर न दाखवणारी चूक

आतापर्यंतचा भाग यंत्राच्या प्रामाणिकपणाचा. आता त्याच्या मर्यादेचा. मला खरी काळजी वाटते ती एररची नव्हे, तर एरर न येता निमूटपणे दिसणाऱ्या चुकीच्या आकड्याची.

संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे तिळगूळ आणि त्याच्या जोडीला मुरैन्याची गजक घरोघरी असते. बोटांना लागलेला गूळ डोळ्यांना दिसत नाही. थेंबात तो विरघळतो आणि 140 चे 300 होतात. यंत्र बिचारे थेंबात जेवढी साखर आहे तेवढी सांगते. जपानी संशोधकांनी 2011 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. फळे सोलून हात न धुता तपासले, तेव्हा साखर भलतीच वाढलेली दिसली. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसल्यावरही ती जास्तच येत राहिली. पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडा योग्य आला. म्हणून घरी स्पिरिटपेक्षा साबण आणि पाणीच उत्तम. हात नीट कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावरील पाणी थेंब पातळ करते. भलताच मोठा आकडा पाहून इन्सुलिन वाढवण्याआधी हात धुऊन पुन्हा तपासावे.

पट्ट्यांच्या डबीचे झाकण दुसरी चूक घडवते. डबीत ओलावा शोषणारे द्रव्य असते. झाकण अर्धवट राहिले, किंवा पट्ट्या काढून कागदाच्या पुडीत ठेवल्या, तर पावसाळी हवेत विकर निकामी होत जाते. काही वेळा यंत्राला ते कळते, काही वेळा कळत नाही. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नयेत, मग त्या कितीही महाग असोत.

तिसरी गोष्ट रक्तक्षयाची. रक्तातील तांबड्या पेशी कमी असतील तर अनेक यंत्रे साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि त्या जास्त असतील तर कमी. आपल्या देशात स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता, गर्भवतीची साखर केवळ घरच्या यंत्रावर विसंबून ठरवू नये. रुग्णाचा रक्तदाब फार उतरलेला असेल, हातपाय गार पडले असतील किंवा शरीर कोरडे पडले असेल, तर बोटाच्या रक्तावर मुळीच भरवसा ठेवू नये.

चौथी गोष्ट परदेशातून आलेल्या यंत्रांची. आपली मुले इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत आणि आईवडिलांसाठी तेथून प्रेमाने यंत्र पाठवतात. ही यंत्रे साखर मिलिमोलमध्ये दाखवतात. त्या आकड्याला 18 ने गुणले, की आपले मिलिग्रॅम मिळतात. म्हणजे तेथील 7.8 म्हणजे आपले 140, आणि 20 म्हणजे 360! पडद्यावर 20 पाहून साखर उतरली असे समजून कोणी साखर पाजली, तर काय होईल ते सांगायला नको. दशांशचिन्ह दिसले, की एकक तपासावे.

औषधांचाही परिणाम होतो. शिरेतून दिलेले मोठ्या मात्रेचे क जीवनसत्त्व काही यंत्रांना फसवते. पीक्यूक्यू या सहविकरावर चालणाऱ्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजत. पोटातून डायलिसिस करणाऱ्या काही रुग्णांच्या द्रावणातून माल्टोज रक्तात येते. साखर वाढलेली दिसली, इन्सुलिन दिले गेले आणि प्रत्यक्षात साखर तळाला गेली, अशा घटना घडल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 साली याबाबत इशारा दिला, तेव्हा 1997 पासूनच्या 13 मृत्यूंची नोंद त्यात होती. पुढे माल्टोजने न फसणाऱ्या पट्ट्या आल्या. तरी डायलिसिसच्या रुग्णाची पट्टी कोणती, हे पाहण्याची सवय डॉक्टरांनी ठेवावी.

किती फरक क्षम्य?

“लॅबमध्ये 200 आणि मशीनवर 180, मग खरे कोणते?” हा प्रश्न दर आठवड्याला येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार (2013) साखर 100 किंवा अधिक असताना 95 टक्के निकाल प्रयोगशाळेच्या 15 टक्क्यांच्या आत यावेत, आणि 100 च्या खाली 15 मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे प्रयोगशाळेच्या 200 ला यंत्राचे 170 ते 230 मान्य. वीस आकड्यांच्या फरकाने यंत्र बदलण्याचे कारण नाही. तुलना करायची ती उपाशीपोटी, आणि प्रयोगशाळेत रक्त दिल्यावर लगेच. जेवणानंतर बोटाच्या रक्तातील साखर शिरेतील रक्तापेक्षा स्वभावतःच जास्त असते. त्यामुळे तेव्हाची तुलना फसवी ठरते.

व्यवसायबंधूंना विनंती

आपण रुग्णाला यंत्र घ्यायला सांगतो, वही ठेवायला सांगतो आणि वहीतील आकड्यांवर औषध बदलतो. पण तो आकडा कसा काढला गेला, हे फार क्वचित पाहतो. रुग्णाला वर्षातून दोनदा यंत्र, पट्ट्या आणि वही घेऊन बोलवावे आणि आपल्यासमोर एकदा तपासायला सांगावे. पाच मिनिटांत सारे दिसून येते: न धुतलेले हात, उघडी डबी, जुना कोड, पिळलेले बोट. यंत्र पारखण्याचे नियंत्रण-द्रावण मिळते, त्याची अपेक्षित कक्षा पट्ट्यांच्या डबीवर छापलेली असते. प्रत्येकाने घरी ते आणावे अशी अपेक्षा नाही, पण दवाखान्यात आपण ठेवू शकतो.

आणखी एक सावधगिरी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला साखर 250 च्या खाली असूनही कीटोन वाढून अम्लता होऊ शकते. उलट्या होत आहेत, धाप लागली आहे आणि यंत्र मात्र 190 दाखवते. अशा वेळी यंत्र खोटे बोलत नसते. आपण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो. दंडावर चिकटवायच्या नव्या संवेदकांचेही तसेच. झोपेत त्या कुशीवर दाब पडला तर ते साखर कमी दाखवतात. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसला नाही, तर बोटातून तपासावे.

घरच्यांसाठी क्रम

शेवटी, यंत्राने एरर दाखवला तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

1. आधी रुग्णाकडे पाहा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे असेल आणि तो गिळू शकत असेल, तर यंत्राची वाट न पाहता साखर द्या. ग्लानी, धाप, उलट्या असतील तर रुग्णालय गाठा.
2. अक्षरे नीट वाचा. ‘हाय’ आणि ‘लो’ हा एरर नव्हे. घाईत ‘लो’ हे 10 सारखे दिसते. अर्थ एकच, साखर फार कमी आहे.
3. रुग्ण ठीक असेल तर पुस्तिका किंवा मोठ्या अक्षरांतला कागद पाहा.
4. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. नवी पट्टी, दुसरे बोट, पुरेसा थेंब.
5. खोलीचे तापमान, पट्ट्यांची मुदत, कोड आणि सेल तपासा.
6. पुन्हा तोच एरर आला, तर पट्ट्या वाया घालवत बसू नका. प्रयोगशाळेत रक्त द्या आणि यंत्र डॉक्टरांना दाखवा.
7. एरर आल्याची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत लिहा. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते.

यांतील पहिली सूचना ज्याच्या लक्षात राहील, त्याने उरलेल्या सहा क्षणभर विसरल्या तरी चालतील. पाच सेकंदांत उत्तर देणारे यंत्र घरात आले, ही आपल्या पिढीचे भाग्य वाढवणारी गोष्ट आहे. कपाळाला हात लावून, डोळ्यांत पाहून, “आई, बरं वाटतंय ना?” असे विचारणारे माणूस मात्र त्या यंत्राजवळ असलेच पाहिजे. येत्या संक्रांतीला तिळगूळ जरूर घ्या, गोड बोला, आणि साखर तपासण्याआधी हात धुवायला विसरू नका.